मारेकरी पेशी नेमकं करतात काय?

एचआयव्हीची लागण झाली की पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले विषाणू भरमसाट वाढतात आणि मग औषधाविनाच बरेचसे उतरतात. त्याच सुमारास सीडी-८ टी पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक 'मारेकरी' पेशी, वाढलेल्या दिसतात. पण हे त्यांचंच काम, की विषाणूला नव्याने शिरायला पेशीच उरल्या नाहीत? माणसाच्या शरीरातून या पेशी काढून पाहणं तर शक्य नाही.

माकडांवर ते १९९९ मध्ये झालं. अमेरिकेतल्या दोन गटांनी, एचआयव्हीचा भाऊबंद असलेल्या एसआयव्हीची लागण झालेल्या ऱ्हीसस माकडांना सीडी-८ पेशी नष्ट करणारी प्रतिपिंडं टोचली. जुना संसर्ग असलेल्या माकडांत विषाणू झपाट्याने वाढले आणि पेशी परतल्या तसे पुन्हा घटले. नव्याने लागण झालेल्यांत पेशी परत येईपर्यंत पहिली लाट ओसरलीच नाही. (अशा संशोधनातली बरीच माकडं मूळची भारतीय वंशाची, आपण १९७८ मध्ये त्यांची निर्यात थांबवली, पण तिकडे त्यांची पैदास होत राहिली.)

पेशी विषाणूला रोखतात हे ठरलं. कसं, हेही ठरल्यासारखंच होतं: बाधित पेशी ओळखायची आणि तिला भोक पाडून मारायची. पाठ्यपुस्तकांतही तेच.

मला खरा चटका लावणारा प्रयोग वाटतो तो २०१० चा. विषाणूरोधक औषध नव्या पेशींना लागण होऊ देत नाही. त्यामुळे औषध सुरू केल्यावर विषाणू ज्या वेगाने घटतात, त्यावरून बाधित पेशी किती लवकर मरतात याचा अंदाज येतो. मारेकरी काढून टाकले तर हा वेग मंदावायला हवा. दोन गटांनी स्वतंत्रपणे तपासलं; वेग जवळपास तोच! म्हणजे एकतर या पेशी बाधित पेशीला विषाणू तयार करू लागण्याआधीच गाठतात, किंवा तिला जिवंत ठेवून आतल्या विषाणूला गप्प बसवतात. दुसरी शक्यता नवी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक जे (Jay) लेव्ही यांच्या गटाने १९८६ मध्येच काचपात्रात पाहिलं होतं, की सीडी-८ पेशी बाधित पेशींना न मारताही एचआयव्हीची वाढ थांबवतात. १९९५ मध्ये त्यामागचे काही रेणू सापडले, तरी कोडं पुरतं सुटलं नाही.

२०१६ मध्ये नियमित औषधं चालू असलेल्या माकडांतून या पेशी काढल्या, तर दबलेला विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागला. एड्स मुळातून बरा करायचा तर औषधं चालू असतानाही पेशींत दडून राहणाऱ्या विषाणूला आधी बाहेर काढावं लागेल, असं मानणाऱ्यांना इथे वेगळाच अडथळा दिसला: याच पेशी त्याला दाबून ठेवतात. २०२० मध्ये माकडांत त्याला जोरात जागं करता आलं, ते त्याला जागं करणाऱ्या औषधाच्या जोडीला सीडी-८ पेशीही हटवल्यावर.