ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणूक : मतदान आणि मतदानाकडे पाठ

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे ६५० सदस्य निवडण्यासाठी होणाऱ्या निवडणुकीत मत देणे हा हक्क आहे, सक्ती नाही. मत न देणाऱ्याला दंड होत नाही, कुणी कारणही विचारत नाही. ४ जुलै २०२४ रोजी यादीतल्या दर पाच मतदारांपैकी दोघांनी मत दिले नाही. मतदान ५९.७ टक्के झाले. १९१८ नंतर याहून कमी मतदान एकदाच, २००१ साली (५९.४ टक्के) झाले होते. १९५० मध्ये हाच आकडा ८४ टक्क्यांच्या जवळ होता. या घसरणीला 'उदासीनता' म्हणून मोकळे होण्याची सवय ब्रिटिश वृत्तपत्रांना आहे, आणि आपल्याकडेही ती चटकन उचलली जाते. हे नाव अपुरे आहे आणि पुष्कळ मतदारांवर अन्याय करणारेही आहे. ब्रिटिश मतदार मत देताना हिशेब करतो तसा न देतानाही करतो, आणि त्या हिशेबाचे मूळ बरेचसे तिथल्या निवडणूक पद्धतीत आहे.

पद्धत मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, कारण आपली लोकसभेची पद्धत तिथूनच आली. एका मतदारसंघातून एक खासदार, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, बाकी सगळ्यांची मते तिथेच संपली. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके या पक्षाला ४१ लाखांवर मते पडली, जागा आल्या ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, सुमारे ३५ लाख मते होती, तरी जागा ७२. या पक्षाची टक्केवारी २०१९ च्या तुलनेत जेमतेम वाढली होती, पण तेव्हा त्याच्या वाट्याला ११ जागा आल्या होत्या. फरक पडला तो मते कुठे पडली त्यामुळे. १९५१ मध्ये तर मजूर पक्षाला देशभरात हुजूर पक्षापेक्षा जास्त मते मिळूनही सत्ता गेली. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमके उलटे घडले.

म्हणून ब्रिटनमध्ये कुणी 'माझ्या मताने काय होणार?' असे म्हणाला, तर तो कुठे राहतो हे आधी विचारावे लागते. तो एखाद्या पक्षाच्या बालेकिल्ल्यात राहत असेल, तर त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. तिथे प्रचारक फारसे दार ठोठावत नाहीत, बडे नेते येत नाहीत, पत्रकेही मोजकीच पडतात. सगळा पैसा आणि सगळी माणसे चुरशीच्या जागांकडे जातात. लंडनच्या हेंडन मतदारसंघात २०२४ मध्ये निकाल १५ मतांनी लागला. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफ इथे २०१७ मध्ये २ मतांनी लागला होता. आपल्या दादाभाई नौरोजींनी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी हाउस ऑफ कॉमन्स गाठले. अशा ठिकाणी घरी बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी चुटपुट लागते. बालेकिल्ल्यातल्या माणसाला लागत नाही.

मतदानाचा दिवस साधा असतो. १९३५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झाली आहे. सुट्टी नसते. त्याऐवजी सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत केंद्रे उघडी असतात. केंद्र शाळेत, चर्चच्या सभागृहात, कधी पबमध्ये, तर कधी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या फिरत्या घरातही असते. दाराशी पक्षाचे बिल्ले लावलेले स्वयंसेवक बसतात आणि येणाऱ्याला त्याचा यादीतला क्रमांक विचारतात. तो सांगण्याचे बंधन नाही. विचारण्याचा हेतू एवढाच की आपल्या पक्षाचे कोण अजून यायचे राहिले हे कळावे आणि संध्याकाळी त्यांच्या घरी माणूस धाडता यावा. आत टेबलाशी नाव-पत्ता सांगायचा, ओळखपत्र दाखवायचे, कागदी मतपत्रिका घ्यायची, लाकडी आडोशात जाऊन दोरीला बांधलेल्या बुटक्या पेन्सिलीने एक फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. मतदान यंत्र नाही, बोटाला शाई नाही. पेन्सिलीचे खोडून टाकतील अशी शंका अधूनमधून उठते. ज्याला ती वाटते त्याने स्वतःचे पेन आणावे, नियमात ते बसते. पेन्सिलीची फुली घडी घातल्यावर फिसकटत नाही, हा तिचा फायदा.

हे गुप्त मतदान १८७२ च्या कायद्याने आले. त्याआधी मतदार चारचौघांत आपला उमेदवार बोलून सांगत असे, आणि घरमालक किंवा कारखानदार ते ऐकत असे. नव्या पद्धतीची पहिली संसदीय निवडणूक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यॉर्कशरमधल्या पॉन्टिफ्रॅक्ट इथे झाली. ते गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध असल्याने मतपेटीच्या लाखेवर गोळ्यांच्या कारखान्याचा शिक्का उठवला गेला. मताचा अधिकार मात्र हप्त्याहप्त्याने मिळाला : १९१८ मध्ये २१ वर्षांवरील सर्व पुरुषांना आणि तिशी ओलांडलेल्या काही स्त्रियांना, १९२८ मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने, १९६९ च्या कायद्याने अठराव्या वर्षी.

लोक मत कशासाठी देतात याची उत्तरे पिढीगणिक बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षे माणसाचा धंदा विचारला की त्याचा पक्ष पुष्कळदा ओळखता येई. खाणकामगार आणि गोदी कामगार मजूर पक्षाचे, दुकानदार आणि बँकेतला व्यवस्थापक हुजूर पक्षाचे. पक्ष घरातून वारशाने येई, आणि कामगार संघटना मतदानाच्या दिवशी माणसे बाहेर काढी. खाणी बंद पडल्या, संघटना रोडावल्या, आणि ही वीण उसवली. आता वय आणि शिक्षण हे धंद्यापेक्षा जास्त बोलके ठरतात : तरुण आणि पदवीधर एका बाजूला, वृद्ध आणि घरमालक बहुतांशी दुसऱ्या. त्याच्या जोडीला सरकार कारभार नीट चालवते का, हा रोकडा प्रश्न असतोच. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून (युरोपीय चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून) बाहेर पडला आणि अर्थकारण सांभाळणारा पक्ष ही हुजूर पक्षाची ख्याती त्या दिवशी गेली. १९९७ च्या दारुण पराभवामागे ही आठवण होती.

आणखी एक प्रकार या पद्धतीने जन्माला घातला आहे : नावडत्याला पाडण्यासाठी दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला दिलेले मत. आपला पक्ष इथे तिसरा आहे हे ओळखून मतदार दुसऱ्याच्या नावापुढे फुली मारतो. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या ७२ जागांमागे अशी बरीच मते आहेत. असा मतदार मनातले मत कधीच कागदावर उतरवू शकत नाही. मला हे न मतदान करण्याइतकेच दुखरे वाटते. तरीही पद्धत बदलायची का, असे मे २०११ च्या सार्वमतात विचारले तेव्हा ६७.९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले, आणि त्यासाठीही ४२ टक्केच मतदार आले होते.

न येणाऱ्यांमध्ये सगळे एका प्रकारचे नाहीत. निकाल ठरलेला दिसला की पुष्कळ जण घरी राहतात. २००१ आणि २०२४ या दोन्ही वेळी मजूर पक्षाचा मोठा विजय आधीपासून गृहीत धरला गेला होता, आणि नीचांकही याच दोन वर्षांचे आहेत. २०२४ मध्ये सर्वांत कमी, सुमारे ४० टक्के, मतदान मँचेस्टर रशोममध्ये झाले. हा मजूर पक्षाचा गड, विद्यार्थ्यांचा आणि भाड्याच्या खोल्यांचा भाग, आणि निवडणूक जुलैत, कॉलेजे उठल्यावर. सर्वांत जास्त, ७५ टक्के, हार्पंडन आणि बर्कमस्टेडमध्ये. ही लंडनच्या उत्तरेची सुखवस्तू गावे, स्वतःची घरे असलेली. भाडेकरू दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतो आणि प्रत्येक वेळी यादीत नव्याने नाव घालणे त्याच्यावर येते. निवडणूक आयोगाच्या अंदाजाने सुमारे ८० लाख लोकांची नावे यादीत योग्य पत्त्यावर नाहीत. मतदानाची टक्केवारी यादीवरून काढतात, त्यामुळे यांतली ज्यांची नावे यादीतच नाहीत ती माणसे तिच्यात गैरहजर म्हणूनही मोजली जात नाहीत. जे येत नाहीत त्यांच्याकडे पक्ष पाहत नाहीत, म्हणून निवृत्तिवेतनाला कुणी हात लावत नाही आणि घरभाड्याचा प्रश्न निवडणुकीमागून निवडणूक तसाच राहतो. गैरहजेरीची खरी किंमत ही आहे.

२०२२ च्या कायद्याने छायाचित्र ओळखपत्र आवश्यक केले आणि २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक त्याखाली झालेली पहिली. वृद्धांचा बसपास चालतो, तरुणांचे रेल्वे सवलतकार्ड चालत नाही. हा भेदभाव समर्थनीय वाटत नाही.

ठरवून मत न देणारेही आहेत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक धर्मश्रद्धेमुळे देत नाहीत. राजा परंपरेने मतदान करत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्यांना आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना या निवडणुकीत मत नाही. सभापतींच्या मतदारसंघात (सध्या लँकशरमधले चॉर्ली) मोठे पक्ष प्रथेने उमेदवारच देत नाहीत, मग तिथल्या मतदाराने करायचे काय? ब्रिटिश मतपत्रिकेवर आपल्यासारखा 'नोटा' नाही. म्हणून काही जण केंद्रावर जातात आणि मतपत्रिकेवर आडवा शेरा लिहून ती पेटीत टाकतात. अशा संशयित पत्रिका मोजणीच्या रात्री निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना दाखवतो. म्हणजे ज्याला तो राग कळावा असे वाटते, त्याच्या डोळ्यांखालून तो जातोच.

उत्तर आयर्लंडमध्ये गैरहजेरी मतदाराची नाही, खासदाराची आहे. ब्रिटनपासून वेगळे होऊन अखंड आयर्लंड मागणाऱ्या शिन फेन पक्षाचे निवडून आलेले खासदार राजनिष्ठेची शपथ घेत नाहीत आणि सभागृहात बसत नाहीत. २०२४ मध्ये असे ७ जण होते. कॉमन्सवर निवडून आलेली पहिली स्त्री, कॉन्स्टन्स मार्केव्हिच, याच पक्षाची. १९१८ मध्ये ती लंडनच्या तुरुंगातून निवडून आली आणि तिने जागा कधीच घेतली नाही. उत्तर आयर्लंडमधले हजारो लोक रिकाम्या खुर्चीसाठी रांगेत उभे राहतात. त्यांना उदासीन कोण म्हणेल?

मत मोजले जाणार अशी खात्री असली की हेच लोक येतात. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरील २०१४ च्या सार्वमतात ८४.६ टक्के मतदान झाले. युरोपीय संघाबाबतच्या २०१६ च्या सार्वमतात ७२.२ टक्के झाले, म्हणजे १९९२ नंतरच्या कुठल्याही सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा जास्त. त्या दोन्ही वेळी मतदारसंघाच्या भिंती नव्हत्या.

ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मताचा अधिकार आहे, त्यात भारतीय नागरिक येतात. लीड्समध्ये शिकणारी पुण्याची मुलगी किंवा स्लाऊमधला नाशिकचा अभियंता, भारतीय पारपत्र खिशात असताना, ब्रिटिश संसदेसाठी टपालाने मत देऊ शकतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या मतासाठी मात्र त्यांना विमानाने घरी यावे लागते. ब्रिटनमध्ये उतरलेल्या अनेक मराठी माणसांना हा हक्क ठाऊकच नसतो.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी मतदानाचे वय १६ करण्याचा, यादीत नावे आपोआप घेण्याच्या दिशेने जाण्याचा आणि बँकेचे कार्ड ओळखपत्र म्हणून मानण्याचा मानस जाहीर केला. स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वतःच्या विधिमंडळांसाठी सोळाव्या वर्षी मत आधीपासूनच आहे. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, या नियमाला त्या घोषणेत हात लावलेला नाही.