फ्लाय फिशिंग : अनुभवाबरोबर बदलणारी उद्दिष्टे व प्रेरणा

पिसे, केस, लोकर आणि धागा गळावर गुंडाळून केलेल्या कृत्रिम किड्याने, म्हणजेच फ्लायने, मासा पकडण्याच्या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, त्यामुळे ती दूरवर नेण्याचे काम तिला जोडलेली जाड दोरी करते. पद्धत फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ईलियन या लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून नदीतले मासे कसे धरतात, याचे वर्णन केले आहे. त्या लोकांना मासा खाण्यासाठी हवा होता. आजचा फ्लाय मासेमार मात्र बहुधा छंद म्हणून पाण्यात उतरतो, आणि बरेचदा पकडलेला मासा परत सोडून देतो. त्याला नेमके काय हवे असते आणि ते वर्षानुवर्षे बदलत का जाते, हा या नोंदीचा विषय आहे.

उद्दिष्ट आणि प्रेरणा या दोन गोष्टी येथे वेगळ्या धराव्या लागतात. आज किती, केवढा किंवा कोणता मासा धरायचा, हे उद्दिष्ट. आणि मुळात पाण्यावर यावेसे का वाटते, ही प्रेरणा. उद्दिष्ट काही हंगामांत बदलते, प्रेरणा सावकाश सरकते. हे दोन्ही बदल समजून घेताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. उद्दिष्ट बदलण्याच्या आधी मासेमाराची दृष्टी बदललेली असते. जे पाण्यात दिसतच नाही त्याची इच्छा धरता येत नाही, आणि नवशिक्याला पाण्यात फार थोडे दिसते.

नवशिक्याचा बराचसा काळ दोरी फेकायला शिकण्यात जातो. रॉड मागे नेल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते. घाईने हात पुढे आणला की दोरी कोसळते, फ्लाय मागच्या झुडपात अडकते आणि दोरीच्या टोकाला जोडलेल्या बारीक लीडरला गाठी पडतात. या अवस्थेत एखादा मासा लागला, तर तो शिकणाऱ्याला आपली धडपड योग्य दिशेने चालल्याची खूण वाटतो. पहिल्या माशानंतर साहजिकच मोजणी सुरू होते. या मोजणीकडे जुने मासेमार कधीकधी तुच्छतेने पाहतात, ते बरोबर नाही. गळाला लागणारा प्रत्येक मासा काहीतरी शिकवतो : तो दगडामागच्या संथ पाण्यात होता की धारेच्या कडेला, फ्लाय तरंगत असताना त्याने ती घेतली की बुडाल्यावर, दोरी ताणायला उशीर झाला की घाई. पुरेसे मासे हाताळल्याशिवाय हे ज्ञान साचत नाही, म्हणून संख्येची हाव ही या टप्प्यावर शिकण्याचीच एक रीत असते.

संख्येनंतर आकाराचे आकर्षण येते. ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला शिकारी मासा मोठा होत जातो तसा त्याच्या आहारात लहान माशांचे प्रमाण वाढते, तो संधिप्रकाशात व रात्री अधिक वावरतो आणि दिवसा कपारीत, मुळांखाली किंवा खोल डोहात दबून राहतो. त्याला शोधायचे तर सवयीच्या जागा व वेळा सोडाव्या लागतात आणि दिवसेंदिवस रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी लागते. इतरांशी तुलना, छायाचित्रे, वजनाचे व लांबीचे विक्रम यांचा जोरही याच टप्प्यावर सर्वांत जास्त असतो. प्रतिष्ठेची ओढ छंदात असतेच. फक्त येथे ती फूटपट्टीने मोजता येते.

त्यानंतरचा टप्पा अवघड माशाचा, आणि फ्लाय फिशिंगचे वेगळेपण याच टप्प्यावर खरे कळते. समजा, पलीकडच्या काठाला, ओणवलेल्या गवताखाली एक ट्राउट पृष्ठभागावरून अन्न टिपतो आहे. पाण्यावर उमटणारे वलय इतके लहान आहे की नवख्याला ते लहान मासोळीचे वाटावे. प्रत्यक्षात तो चांगला मोठा मासा आहे आणि अंडी घालून पाण्यावर मरून पडलेल्या मेफ्लाय, म्हणजे नदीत वाढणारे अल्पायुषी पंखवाले किडे, ज्यांना या अवस्थेत स्पिनर म्हणतात, तो एकेक करून ओठांत घेतो आहे. त्या निसटून जाणाऱ्या नसल्यामुळे त्याला उसळी मारण्याची गरज नाही. मासेमार आणि मासा यांच्यामध्ये वेगवान धार आहे, माशासमोरचे पाणी मात्र संथ आहे. सरळ दोरी टाकली तर मधली धार ती लगेच खाली ओढते आणि फ्लाय पाण्यावर रेघ ओढत निघते. या ओढीला ड्रॅग म्हणतात, आणि चोखंदळ माशाला तेवढीच शंका पुरते. म्हणून दोरी हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलवावा लागतो, म्हणजे दोरी वरच्या बाजूला पडते आणि टोकाजवळ थोडी ढील राहते. मग फ्लायला दोन-तीन सेकंद मोकळे वाहता येते. तेवढ्या सेकंदांसाठी अनुभवी माणूस अख्खी संध्याकाळ देतो, आणि जवळच्या उथळ पाण्यात सहज मिळणाऱ्या दहा माशांकडे वळूनही पाहत नाही. नवशिक्याला त्याच जागी फक्त वाहते पाणी दिसलेले असते.

संख्या, आकार आणि अवघडपणा हा क्रम अमेरिकेतील मासेमार एडवर्ड हेविट (१८६६–१९५७) यांच्या नावाने सांगितला जातो. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांतल्या नेव्हरसिंक नदीवर त्यांनी अनेक दशके मासेमारीचे आणि ट्राउटपालनाचे प्रयोग केले. पुढे इतरांनी या तिहीला चौथी पायरी जोडली : मासा मिळो वा न मिळो, पाण्यावर असणे पुरेसे वाटणे. हा क्रम का घडत असावा, याचे एक चांगले स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचारांतून मिळते. कामाची अवघडता आणि करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसतो तेव्हा माणूस त्यात पूर्ण गढून जातो. कौशल्य वाढून अवघडता तेवढीच राहिली, तर कंटाळा येतो. नदी मासेमारासाठी आपणहून अवघड होत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःवर अटी घालून घेतो. बारीक टिपेट (लीडरचा फ्लायजवळचा शेवटचा धागा), लहान फ्लाय, फक्त दिसलेल्या माशावरच फेक, ही सारी अशा स्वेच्छेने स्वीकारलेल्या अटींची उदाहरणे होत.

अशी अट वैयक्तिक राहिली तर ती आनंद देते. ती सर्वांवर लादली गेली की वाद होतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांनी ड्राय फ्लायची पद्धत शास्त्रशुद्ध केली. पृष्ठभागावर खाणारा मासा आधी पाहायचा, पृष्ठभागावरच्या किड्याची हुबेहूब नक्कल तरंगती ठेवायची आणि ती प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेकायची, असा तिचा गाभा होता. त्यांच्या अनुयायांनी या कौशल्याला आचारधर्माचे रूप दिले. जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) या वकिलाने मात्र पकडलेल्या माशाच्या पोटातले अन्न चमच्याने काढून, पांढऱ्या बशीतल्या पाण्यात पसरून पाहण्याची सवय ठेवली होती. त्यात मेफ्लायच्या पाण्याखालच्या अवस्थेतील कीटक, म्हणजे निम्फ, मोठ्या संख्येने दिसत. मासा जे खातो त्याचीच नक्कल पृष्ठभागाखाली द्यावी, हे त्यांचे म्हणणे ड्राय फ्लायच्या कट्टर पुरस्कर्त्यांना रुचले नाही, आणि १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर रीतसर चर्चा झाली. आज दोन्ही पद्धती सर्वत्र वापरल्या जातात. हॅलफर्ड आणि स्क्यूज दोघेही तितकेच अनुभवी होते, आणि तरी एकाची परिपक्वता दुसऱ्याच्या परिपक्वतेसारखी दिसत नव्हती. अनुभव सर्वांना एकाच ठिकाणी आणून सोडतो, या समजुतीला हे मोठे उत्तर आहे.

समाजशास्त्रात या विषयाची पद्धतशीर मांडणी हॉब्सन ब्रायन यांनी १९७७ मध्ये केली. अमेरिकेतील ट्राउट मासेमारांचा अभ्यास करून त्यांनी चार गट पाडले : अधूनमधून येणारे, सर्व साधने वापरणारे सामान्य मासेमार, एका तंत्रात (बहुधा फ्लायमध्ये) निष्णात झालेले, आणि तंत्राइतकाच विशिष्ट प्रकारच्या पाण्याचा आग्रह धरणारे. याला त्यांनी छंदातील विशेषीकरण असे म्हटले. विशेषीकरण वाढते तसा माशाचा उपभोग घेण्यावरचा भर कमी होऊन नदी व तिच्यातले जीवन राखण्यावरचा भर वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सोबतीही बदलतात. सुरुवातीला घरच्यांबरोबर किंवा जुन्या मित्रांबरोबर जाणारा माणूस पुढे आपल्यासारख्याच निष्णातांमध्ये रमतो, आणि कशाला यश म्हणायचे हे बऱ्याच अंशी त्या मंडळींच्या नजरेतून ठरू लागते. म्हणून उद्दिष्टातला बदल निव्वळ आतून उमललेला असतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

शांतता, निसर्ग आणि सोबत हीच आपली मुख्य प्रेरणा असल्याचे मासेमार विचारल्यावर सांगतात. अनेक देशांतील पाहण्यांत हे आढळले आहे. तरीही जर्मन मासेमारांविषयीच्या २००६ मधील एका अभ्यासात रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी एक विसंगती दाखवली. प्रेरणा म्हणून मासा मिळण्याला खालचे स्थान देणाऱ्यांचेही समाधान बरेचसे मासे मिळण्यावरच अवलंबून असल्याचे त्यांना दिसले. यात खोटेपणा नाही. माणूस नदीवर निसर्गासाठी जात असेल, पण हातात रॉड धरून उभा असताना पाण्याकडून काहीच प्रतिसाद न येणे त्याला टोचतेच. चौथ्या पायरीवर पोहोचलेल्यांविषयी बोलताना ही गोष्ट विसरू नये. मासा लागण्याची शक्यता संपली तर त्यांच्यापैकी थोडेच जण पुन्हा त्या नदीवर येतील.

प्रेरणेतला सर्वांत ठळक बदल मासा परत सोडण्यात दिसतो. चांगला मासा एकदाच पकडला जावा हे त्याच्या मोलाला शोभत नाही, असा विचार अमेरिकी मासेमार व लेखक ली वुल्फ (१९०५–१९९१) यांनी १९३९ मध्ये मांडला, आणि तो पुढे अनेक नद्यांच्या नियमांत उतरला. अमेरिकेतील यलोस्टोन नदीच्या ज्या भागात कटथ्रोट जातीचे ट्राउट सोडून देणे सक्तीचे होते, तेथे १९८१ मध्ये केलेल्या अभ्यासात एकेक मासा एका हंगामात सरासरी नऊ-दहा वेळा पकडला जात असल्याचे आणि दर पकडीमागे मृत्यूचे प्रमाण अत्यंत कमी असल्याचे आढळले. अर्थात हे थंड पाण्यातले चित्र आहे. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि झुंजून दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरू शकतो. जाणता मासेमार अशा दुपारी दोरी गुंडाळतो, एरवी टोकामागचा उलटा काटा नसलेला गळ वापरतो, मासा ओल्या हाताने व शक्यतो पाण्यातच सोडवतो. माशाच्या देखण्या छायाचित्रापेक्षा त्याचे धडपणे पोहत जाणे मोलाचे वाटू लागणे, हा माझ्या मते आकारापासून अवघडपणाकडे जाण्यापेक्षाही मोठा पल्ला आहे.

तरी सोडून देणे हे नैतिकदृष्ट्या निर्विवाद नाही. प्राण्याला इजा करण्यासाठी सबळ कारण असले पाहिजे, असे जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा सांगतो, आणि केवळ खेळासाठी पकडून सोडणे हे असे कारण मानले जात नाही. स्वित्झर्लंडमध्येही सोडून देण्याच्या हेतूनेच मासेमारी करण्यास २००९ पासून मनाई आहे. म्हणजे एका परंपरेत जे प्रौढपणाचे लक्षण, ते दुसरीत आक्षेपार्ह ठरते. काही वयोवृद्ध मासेमारांनी यातून स्वतःपुरती वाट काढली आहे : ते गळाचे टोकच कापून टाकतात. मासा वर येतो, फ्लाय तोंडात घेतो, थुंकतो आणि निघून जातो. त्याला फसवता आले, एवढ्यावर त्यांचे काम पूर्ण होते.

साधनांच्या बाबतीत उलटा प्रवास दिसतो. मधल्या वर्षांत रॉड, रीळ आणि फ्लायच्या डब्यांचा संग्रह वाढत जातो व नंतर बरेचदा ओसरतो. इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांची निम्फ फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार या दोनच वस्तूंची होती. ती बांधायला धागासुद्धा लागत नसे. जपानच्या तेनकारा पद्धतीत तर रीळही नसते, दोरी रॉडच्या टोकालाच बांधलेली असते. ज्याला मासा कोठे आहे आणि फ्लाय कशी वाहिली पाहिजे हे कळते, त्याला फ्लायच्या रंगछटांची चिंता कमी असते.

नद्यांसाठी संघटित काम करण्याची प्रेरणाही बहुधा अशाच लोकांत आढळते. मिशिगनमधील ऑ सेबल नदीकाठी १९५९ मध्ये स्थापन झालेली ट्राउट अनलिमिटेड ही संस्था मासेमारांनीच उभी केली आणि थंड पाण्याच्या नद्यांचे रक्षण हे तिचे काम झाले.

पायऱ्यांची ही कल्पना आकर्षक असली तरी ती नियम नाही. डेव्हिड स्कॉट व स्कॉट शेफर यांनी २००१ मध्ये विशेषीकरणाच्या सिद्धांताची चिकित्सा करताना, बहुसंख्य लोक वर वर चढत जातात हे गृहीतकच तपासून पाहण्याची गरज दाखवली. कित्येक जण आयुष्यभर अधूनमधून येऊन चार मासे धरण्यात सुखी असतात, आणि त्यांच्या आनंदात काही उणे नसते. निष्णात माणूसही नव्या पाण्यात पुन्हा आरंभापाशी येतो : नदीवर एकाच माशासाठी संध्याकाळ घालवणारा, उथळ समुद्रात प्रथमच बोनफिशच्या मागे लागला की मोजू लागतो. संसार, नोकरी, गुडघ्यांचे दुखणे, आवडती नदी आटणे या कारणांनीही उद्दिष्टे बदलतात, आणि त्यांचा कौशल्याशी संबंध नसतो.

मत्स्यव्यवस्थापनाच्या दृष्टीने या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. एकाच नदीवर घरी नेण्यासाठी मासे हवे असणारे, एखाद्या मोठ्या माशाच्या आशेने येणारे आणि फक्त फ्लायने, सोडून देण्यासाठी पकडणारे असे सर्व जण येतात. केवळ फ्लायसाठी राखलेला पट्टा, किमान लांबीची मर्यादा किंवा रोज नेता येणाऱ्या माशांची संख्या, यांतला प्रत्येक नियम यांपैकी कोणाला तरी झुकते माप देतो. निष्णात मासेमार संख्येने थोडे असले तरी बैठकांना हजर राहतात, पत्रे लिहितात आणि संघटित असतात, त्यामुळे नियम त्यांच्या आवडीकडे झुकण्याचा संभव असतो. म्हणून नियम ठरवताना बैठकीत बोलणाऱ्यांबरोबर नदीकाठी प्रत्यक्ष भेटणाऱ्या मासेमारांनाही विचारून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाळली जाते.