कावळा शिवणे

मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने घरात बाजूला बसण्यासाठी मराठीत रूढ असलेला वाक्प्रचार. आई तीन दिवस स्वयंपाकघरात का येत नाही, जवळ का घेत नाही, या मुलांच्या प्रश्नाला ‘तिला कावळा शिवला’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. तान्ह्या मुलाला कपडे काढून आईजवळ देत. थोडे मोठे झालेले मूल मात्र या शब्दांशीच अडे. पाळीची पहिली ओळख त्याला अशी होई.

कावळाच का, याची उपपत्ती दोन प्रकारे लावतात. कावळ्याचा संबंध पितरांशी व पिंडाशी असून तो शिवल्यास स्नान करावे, अशी लोकसमजूत आहे. तोच विटाळ येथे कल्पिला असावा. दुसरी उपपत्ती अशी की, मुलांसमोर खरे कारण झाकण्यासाठीच हा शब्दप्रयोग योजला गेला. मोठी माणसे आपसांत ‘बाहेरची’, ‘दूर बसली’, ‘अडचण आहे’ असे म्हणत, हे पाहता दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. तथापि, नेमका हाच पक्षी का, याचा उलगडा पहिलीनेच होतो. तैत्तिरीय संहिता या वैदिक ग्रंथात इंद्राच्या ब्रह्महत्येच्या पापाचा एक तृतीयांश भाग स्त्रियांनी घेतला आणि तो पाळीच्या रूपाने प्रकटला, अशी कथा आहे, पण तीत कावळा नाही. त्यामुळे हा वाक्प्रचार शास्त्रातून न येता लोकव्यवहारातून आला असावा.

गायकवाडांच्या अंमलाबरोबर अठराव्या शतकात बडोद्यास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी तो आपल्याबरोबर आणला. दांडिया बाजार या तिथल्या मराठी वस्तीतल्या मुलाच्या कानांवर घरात कावळा, तर शेजारच्या गुजराती घरातून ‘अटकाव’ हा शब्द पडे. पूर्वी लग्न न्हाण, म्हणजे पहिली पाळी, येण्याआधी होत असल्याने मुलीला पुढचे सारे सासरी कळे. तेथे मखरात बसवून ओटी भरीत, म्हणजे घरातली धाकटी मुले सोहळा पाहत, कारण मात्र त्यांना कळत नसे. सयाजीराव तिसरे यांच्या काळात, १९०४ मध्ये, बडोदे संस्थानात बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. पुढे लग्नाचे वय वाढत गेले, तसे न्हाण माहेरीच येऊ लागले आणि सांगण्याचे काम सासूकडून आईकडे आले. कावळ्याच्या उत्तराने लहान मुलाची समजूत निघे, पण मुलीची तयारी होत नसे. रक्त पाहून आपल्याला इजा झाली असे तिला वाटणे, हा त्या मौनाचाच परिणाम होय.

शाळेत हा विषय साधारणतः सातवी-आठवीच्या विज्ञानात येतो. तोपर्यंत वर्गातील अनेक मुलींची पाळी सुरू झालेली असते.