गोमुखी दरवाजा

गोमुखी दरवाजा हा सह्याद्रीतील आणि कोकणातील अनेक किल्ल्यांच्या प्रवेशद्वाराचा खास प्रकार आहे. यात दरवाजा तटाच्या सरळ रेषेत उघडा न ठेवता दोन बुरुजांच्या कुशीत आत ओढून घेतात. एक बुरूज पुढे येतो आणि वाट त्याला वळसा घालून शिरते. त्यामुळे अगदी जवळ पोहोचेपर्यंत दरवाजा नेमका कुठे आहे ते कळत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात बांधलेल्या गडांवर ही रचना विशेष दिसते.

तटबंदी कितीही भक्कम असली तरी दरवाजा ही किल्ल्याची नाजूक जागा, कारण तिथे दगडाऐवजी लाकूड असते. गोमुखी रचनेत खरे संरक्षण लाकडाचे नसून त्यापुढच्या वाटेचे आहे, आणि या बांधणीची थोरवी मला त्यातच वाटते. दरवाजा समोरून दिसत नाही, म्हणून तोफेचा गोळा थेट त्यावर बसत नाही. वळणामुळे हत्तीला धडक देण्यापुरती धाव मिळत नाही, ओंडक्याने दार फोडायलाही मोकळी जागा नसते. त्या चिंचोळ्या जागेत अडकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो; तटातल्या जंग्या (मारा करण्यासाठी ठेवलेली भोके) त्याच रोखाने ठेवलेल्या असतात. मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथातही हेच सांगितले आहे: दरवाजा खालचा मारा चुकवून, पुढे बुरूज देऊन बांधावा आणि येण्याजाण्याची वाट बुरुजांच्या माऱ्याखाली असावी. गडाला एकच दरवाजा असणे हा ते दोष मानतात. जास्तीचे दरवाजे आणि चोरदिंड्या (लपवलेली लहान दारे) बांधाव्यात, मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे ते बजावतात.

रायगडाचा महादरवाजा हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण. त्याचे बुरूज साठ-सत्तर फूट उंच आहेत. खालून चढताना समोर नुसता तट दिसतो आणि वाट वळली की दरवाजा एकदम पुढ्यात येतो. आत शिरताच पहारेकऱ्यांच्या देवड्या (बसण्याच्या खोल्या) लागतात. याच गडाच्या तटात चोरदिंडीही आहे. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद होत, या शिस्तीभोवतीच हिरकणीची लोककथा गुंफलेली आहे. सिंधुदुर्गाचा दरवाजाही असाच आडोशाला आहे. होडीतून जाताना तो चटकन सापडत नाही.

लोहगडावर एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वरून पाहिले की त्यांना जोडणारी नागमोडी वाट दिसते आणि खालचा दरवाजा जिंकणारा वरच्याच्या माऱ्यात कसा सापडेल, हे सांगावे लागत नाही. जुन्नरजवळच्या हडसरवर दरवाजे आणि पायऱ्या कातळातच खोदल्या आहेत. दुर्गस्थापत्यात रस असणाऱ्याने तो गड चुकवू नये.

सपाटीवर डोंगराची मदत नसते, तिथे कवाडावरच भर द्यावा लागे. पुण्यातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे लांब अणकुचीदार खिळे हत्तीला रोखण्यासाठी आहेत. मोठे कवाड बंद असताना माणसांच्या ये-जा करण्यासाठी त्यातच लहान दिंडी ठेवत. बंद कवाडामागे जाड अडसर घालत. अडसराची टोके भिंतीतल्या खोबणीत सरकत. अडसर काढल्यावर तो अख्खा आत ढकलून ठेवता यावा, म्हणून एका बाजूची खोबणी खूप खोल असे.

बहुतेक गडांवरची मूळ कवाडे कुजून किंवा जळून गेली. या खोबणी आणि कवाड फिरण्याच्या दगडी उखळ्या तेवढ्या उरल्या. अलीकडे दुर्गप्रेमी संस्थांनी काही गडांवर नवी सागवानी कवाडे बसवली आहेत. ती जुन्या उखळ्यांतच बसवावीत, दगडाला नवे छिद्र पाडू नये. कारण मूळ कवाड किती जाड होते आणि कोणत्या बाजूला उघडत होते, याचा पुरावा त्या दगडातच आहे.