पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर फास्ट: रेडीबूस्टची पार्श्वभूमी

"पेनड्राइव्हची रॅम करा" असे व्हिडिओ अजूनही फिरतात आणि खाली लोक विचारतात की माझ्याकडे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पडलाय, लावला तर ३२ जीबी रॅम होईल का. नाही होणार. पण ही समजूत आली कुठून हे बघायचं तर विंडोज व्हिस्टाच्या काळात जावं लागतं. पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आले, ८ एमबीचे, तेव्हा त्यांच्याकडून स्पीडची अपेक्षा कुणीच करत नव्हतं, फ्लॉपीपासून सुटका झाली एवढंच पुरे होतं.

विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ ला आली. तिला कमीत कमी ५१२ एमबी रॅम लागायची, आणि नीट चालायला खरंतर १ जीबी. आपल्याकडे तेव्हा घरोघरी जे असेंबल केलेले पीसी होते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडून घेतलेले, त्यात २५६ नाहीतर ५१२ एमबी असायची कारण आधीच्या विंडोज एक्सपीला तेवढी पुरत होती. अशा मशीनवर व्हिस्टा टाकली की रॅम अपुरी पडून सारखं हार्डडिस्ककडे जावं लागायचं, तिचा लाल दिवा विझायचाच नाही. रॅम वाढवायची तर कॅबिनेट उघडा, बोर्डाला कोणती चालते ते बघा, स्लॉट रिकामा आहे का बघा, आणि ज्यांचा पीसी वॉरंटीत होता ते तर स्क्रूला हात लावायलाच घाबरायचे. म्हणून व्हिस्टासोबत रेडीबूस्ट नावाची सोय दिली गेली: पेनड्राइव्ह लावा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्टचा टॅब उघडा, किती जागा द्यायची ते ठरवा, झालं.

आता हे नेमकं करतं काय, कारण सगळा घोळ इथेच आहे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी) हार्डडिस्क वाचणारं डोकं इकडून तिकडे हलवायला आणि तबकडी फिरून योग्य जागा खाली यायला मिळून साधारण १२-१३ मिलिसेकंद घेते, म्हणजे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जेमतेम ८०. एक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला सव्वातीनशे केबीच्या आसपास. पेनड्राइव्हमध्ये हलणारं काही नाही, त्यामुळे तिथे हेच काम कितीतरी पटीने पटकन होतं. रेडीबूस्टची अटच होती की ४ केबीचे विखुरलेले तुकडे सेकंदाला २.५ एमबीने वाचता आले पाहिजेत आणि ५१२ केबीचे तुकडे १.७५ एमबीने लिहिता आले पाहिजेत. म्हणजे काठावर पास झालेला पेनड्राइव्हसुद्धा या एका कामात हार्डडिस्कच्या सातआठ पट पुढे. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर मात्र हार्डडिस्कच वेगवान, म्हणून तसं वाचन तिच्याकडेच जायचं.

आणि रॅम? त्या वेळच्या डीडीआर-२ रॅमचा वेग सेकंदाला ४ जीबीच्या पुढे, यूएसबी २.० चा प्रत्यक्षातला वेग ३० एमबीच्या आसपास. शंभर पटीहून जास्त फरक. म्हणून पेनड्राइव्ह रॅमची जागा घेतच नव्हता, तो हार्डडिस्कच्या पुढ्यात बसलेला कॅशे होता, म्हणजे सारख्या लागणाऱ्या डेटाची प्रत पटकन मिळावी म्हणून ठेवायची जागा. पण दुकानात "कॅशे" कोण सांगणार, "रॅम वाढते" सांगितलं की गिऱ्हाइकाला कळतं, आणि तोच शब्द चिकटला तो चिकटलाच.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एका निर्णयावर. पेनड्राइव्हवर जे जातं त्याची प्रत हार्डडिस्कवर असलीच पाहिजे असं ठरवलं होतं. लोक म्हणायचे, मग उपयोग काय, लिहायचा वेळ तर वाचतच नाही, पेजफाइल (रॅममध्ये न मावलेला डेटा विंडोज हार्डडिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये ठेवते ती) सरळ पेनड्राइव्हवरच का नाही ठेवत? मला विचाराल तर निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पेनड्राइव्ह ही कधीही उपटली जाणारी वस्तू, घरात लहान मूल असेल तर विचारूच नका, आणि पेजफाइल फक्त तिथेच असती तर उपटल्या क्षणी मशीन कोसळलं असतं. प्रत डिस्कवर असल्यामुळे पेनड्राइव्ह काढला तरी काम चालू राहायचं, फक्त परत हळू व्हायचं. त्यातला डेटा एईएस-१२८ ने एन्क्रिप्टही केलेला, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही असा कुलूपबंद असायचा, कारण मेमरीतलं काहीबाही त्यावर गेलेलं असू शकतं आणि तोच पेनड्राइव्ह उद्या कुणाच्या तरी खिशात.

ज्यांचा पेनड्राइव्ह टेस्टमध्ये नापास व्हायचा ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन वाचायचा-लिहायचा आकडा १००० करून जबरदस्तीने चालू करायचे. पेनड्राइव्ह मात्र तसाच मंद, त्यामुळे फायदा शून्य, आणि शिव्या रेडीबूस्टला. दुसरीकडे ज्यांच्याकडे आधीच २ जीबी रॅम होती त्यांनाही फरक जाणवला नाही, कारण लागणारा डेटा रॅममध्येच मावत होता. ५१२ एमबीवाल्यांना जाणवला. हे दोन गट एकमेकांना खोटं ठरवत बसले, दोघंही आपापल्या मशीनबद्दल खरंच बोलत होते.

व्हिस्टात एकच पेनड्राइव्ह आणि जास्तीत जास्त ४ जीबी चालायचे. विंडोज ७ मध्ये आठ पेनड्राइव्ह आणि प्रत्येकी ३२ जीबीपर्यंत वाढवलं, म्हणजे एकूण २५६ जीबी, तेही पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतींमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर, जुन्या फॅट-३२ पद्धतीला ४ जीबीची मर्यादा राहिलीच. पण तोवर रॅम स्वस्त झाली होती आणि एसएसडी, म्हणजे हलणारे भाग नसलेली डिस्क, येऊ लागली होती. एसएसडीवर विंडोज असेल तर विंडोज ७ स्वतःच रेडीबूस्ट बंद ठेवते, डोकं हलायचा प्रश्नच तिथे उरत नाही. विंडोज १० मध्ये तर वेगवान मशीनवर टॅब उघडला की हा कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे, जास्तीचा फायदा होणार नाही, अशा अर्थाचा मेसेज यायचा. जुन्या लॅपटॉपमध्ये आज पैसे घालायचेच असतील तर २.५ इंची साटा एसएसडीत (लॅपटॉपच्या जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी) घाला, पेनड्राइव्हमध्ये नको.

जुन्या पेनड्राइव्हवर अजूनही कधीकधी रेडीबूस्ट डॉट एसएफकॅशे नावाची मोठी फाइल सापडते आणि लोक व्हायरस समजून घाबरतात. व्हायरस नाहीये तो. तुमची एकही मूळ फाइल त्यात नाही, मूळ सगळं हार्डडिस्कवरच होतं. सरळ डिलीट करा, जागा मोकळी होईल.