नायक कोणाचा? ‘मॉर्टल कॉम्बॅट’वरील प्रेक्षक-मतांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या, त्याच नावाच्या लढतींच्या व्हिडिओ गेमवर बेतलेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या ॲक्शनपटाविषयी प्रेक्षकांनी जे लिहिले, त्यातला मोठा भाग एकाच व्यक्तिरेखेभोवती फिरतो, आणि ती व्यक्तिरेखा मूळ गेममध्ये कधीच नव्हती. मारामाऱ्यांचे संकलन फार तुटक आहे का, संवाद पोकळ आहेत का, याविषयीही मतभेद आहेत; परंतु असे मतभेद कोणत्याही मारधाडपटाच्या वाट्याला येतातच. कोल यंग या नव्या नायकावरचा राग मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याचे मूळ शोधायचे, तर ‘गेमशी प्रामाणिक’ हा शब्दप्रयोग प्रेक्षक कोणकोणत्या अर्थांनी वापरत आले हे आधी पाहावे लागते, कारण हा अर्थ दर काही वर्षांनी बदलत गेला आहे.

सुरुवातीला त्याचा अर्थ सरळसरळ रक्त असा होता. १९९२ मधल्या आर्केड गेममध्ये हाताने रेखाटलेल्या आकृत्या नव्हत्या. कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या नटांच्या प्रतिमा पडद्यावर लढत होत्या, आणि त्यामुळे ठोशासरशी उडणारे रक्त पाहणाऱ्याच्या अधिक अंगावर येई. १३ सप्टेंबर १९९३ रोजी घरगुती आवृत्त्या बाजारात आल्या, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोन वेगळे मार्ग निवडले. एकीने रक्ताचा रंग बदलून त्याचा करडा घाम केला आणि लढतीच्या शेवटचे जीवघेणे घाव सौम्य केले. दुसरीने रक्त लपवून ठेवले, पण ए, बी, ए, सी, ए, बी, बी या क्रमाने बटणे दाबली की ते परत येई. खपात दुसरी आवृत्ती पुढे राहिली, आणि हा क्रम तोंडपाठ असणे ही त्या पिढीच्या खेळाडूंची एक प्रकारची ओळखच झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटपुढे गेममधील हिंसेवर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये गेमसाठी वयोगटानुसार मानांकनाची व्यवस्था उभी राहिली. तेव्हापासून सौम्य केलेली आवृत्ती म्हणजे फसवणूक, ही भावना या गेमच्या चाहत्यांमध्ये मुरलेली आहे.

१९९५ चा पहिला चित्रपट या कसोटीला उतरण्याचा प्रश्नच नव्हता. तो अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा देणाऱ्या मानांकनासह आला. म्हणजे शाळकरी मुलांनाही तो पाहता येत होता आणि त्यात रक्त जवळजवळ नव्हते. तरीही तो सलग तीन आठवडे अमेरिकी तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर राहिला आणि जगभरात त्याने बारा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळांना आलेल्या प्रेक्षकांनी रक्त कमी असल्याची तक्रार केली नव्हती. मारामाऱ्या कमी आहेत, अशी त्यांची तक्रार होती, आणि तिची दखल घेऊन लिऊ कँग विरुद्ध रेप्टाइल ही गेममधल्या दोन योद्ध्यांची लढत नव्याने चित्रित करून घालण्यात आली. आज त्या चित्रपटाविषयी मायेने बोलणारे प्रेक्षक या लढतीचा आणि गेमचे नाव आरोळीसारखे घुमवणाऱ्या त्या टेक्नो संगीताचा उल्लेख हमखास करतात. १९९७ चा दुसरा भाग मात्र गेममधले शक्य तितके योद्धे एकाच पटात कोंबण्याच्या नादात कोसळला. त्यात जॉनी केज हा गेममधला सिनेनट योद्धा सुरुवातीलाच मारला जातो, आणि बहुतेक नटही बदललेले होते. योद्ध्यांची संख्या वाढवली म्हणून चाहते खूश होत नाहीत, हा धडा त्या अपयशातून घेता आला असता.

यानंतरचा टप्पा चित्रपटांचा नव्हे, गेमचाच आहे, आणि २०२१ च्या वादासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या गेममध्ये सलग कथा सांगणारा स्वतंत्र विभाग होता. त्यात लढतींच्या मध्ये पूर्ण चित्रित प्रसंग येत आणि खेळाडू काही तास अक्षरशः चित्रपट पाहत पाहत खेळत असे. पुढच्या भागांनी हा विभाग अधिकाधिक देखणा केला. परिणामी २०२१ चा प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला किंवा घरी पडद्यासमोर बसला, तेव्हा त्याने या पात्रांचे एक ‘सिनेमा’रूप आधीच पाहिलेले होते. त्यातच एप्रिल २०२० मध्ये स्कॉर्पियन या गेममधल्या गाजलेल्या योद्ध्याला केंद्रस्थानी ठेवणारा, प्रौढांसाठीचा ॲनिमेशनपट आला. त्यात गेमच्या कथेचा गाभा असलेली, पृथ्वी आणि दुसऱ्या जगातल्या योद्ध्यांमधली स्पर्धा होती, रक्त होते आणि जॉनी केजची थट्टामस्करीही होती. वर्षभराने आलेल्या चित्रपटाची तुलना कशाशी होणार, हे त्यातून ठरून गेले.

आता कोल यंगकडे. हा एक पडेल मिश्र मार्शल आर्ट लढवय्या आहे. ठरलेले पैसे घेऊन तो लढतो आणि बहुधा हरतो. छातीवर ड्रॅगनच्या आकाराची खूण आहे आणि ती जन्मखूण आहे अशी त्याची समजूत आहे. पुढे कळते की तो सतराव्या शतकातल्या जपानमधील हान्झो हासाशीचा, म्हणजे पुढे स्कॉर्पियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योद्ध्याचा वंशज आहे. या पात्राच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो परिचित आहे: ज्याने गेम खेळलेला नाही अशा प्रेक्षकालाही या जगात शिरता यावे, यासाठी त्याच्याइतकेच अनभिज्ञ पात्र हवे. विरोधकांचे म्हणणे असे की, इतके ओळखीचे योद्धे हाताशी असताना अनोळखी माणसाला मध्यभागी बसवणे म्हणजे चाहत्यांच्याच पैशांनी चाहत्यांना बाजूला सारणे आहे.

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. गेमला एक ठरलेला नायक होता, असे ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात १९९२ च्या गेममध्ये निवडण्यासाठी सात योद्धे होते, आणि खेळाडू ज्याला निवडे तोच त्या वेळेपुरता नायक. शेवटचा शत्रू हरला की त्या योद्ध्यापुरता एक छोटासा मजकूर पडद्यावर येई, आणि हे सात शेवट एकमेकांशी जुळत नसत. सातही जण एकाच वेळी स्पर्धा जिंकणे शक्यच नव्हते. लिऊ कँगचा विजय हाच ‘खरा’ शेवट, हे पुढच्या भागांनी ठरवले. म्हणजे चाहते ज्याला मूळ कथा म्हणतात, ती मुळात नंतर निवडलेली एक शक्यता आहे. त्या सात शेवटांपैकी जॉनी केजचा शेवट आज वाचताना गंमत वाटते: आपली लढण्याची क्षमता खरी आहे हे त्याने टीकाकारांना सिद्ध करून दाखवले असून तो आता ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा चित्रपट आणि त्याचे पुढचे भाग करणार आहे, असे त्यात म्हटले होते.

२०२१ च्या चित्रपटात हाच केज नाही. शेवटी भिंतीवरच्या एका पोस्टरपुरता त्याचा निर्देश आहे. त्याचे व्यक्तिमत्त्व इतके ठसठशीत आहे की पहिल्याच भागात तो आला असता तर चित्रपटाचा तोल गेला असता, असे कारण निर्मात्यांच्या बाजूने देण्यात आले. हे कारण पटण्यासारखे नाही. तोंडाळ, फटकळ, विनोदी पात्राची जागा चित्रपटाला लागलीच, आणि ती कानो या गेममधल्या गुंडाला द्यावी लागली. चित्रपटाच्या बाजूने बोलणारे प्रेक्षक सर्वांत जास्त कौतुक करतात ते कानोचेच. तोल जाण्याची भीती होती, तर ती तिथेही लागू होती.

नव्या नायकाच्या गदारोळात दुसरा, माझ्या मते अधिक गंभीर बदल तुलनेने दुर्लक्षित राहिला. या चित्रपटात स्पर्धाच होत नाही. खलनायक असलेला मांत्रिक शांग त्सुंग स्पर्धेपूर्वीच पृथ्वीचे योद्धे संपवायला निघतो, आणि सगळा पट त्या पूर्वतयारीत जातो. याशिवाय प्रत्येकाच्या अंगी असणारी शक्ती ‘अर्काना’ या एकाच संकल्पनेखाली आणली गेली आणि ती ड्रॅगनच्या खुणेशी बांधली गेली. खूण असलेल्याला जो मारेल त्याच्याकडे ती जाते. सोन्या ब्लेडला गेममध्ये लढण्यासाठी अशा कोणत्याही खुणेची गरज नव्हती. इथे मात्र कानोला मारून ती मिळेपर्यंत तिला बरोबरीचे स्थानच मिळत नाही. ज्या मालिकेचा सांगाडाच एकास एक लढतींचा आहे, तिच्यातून स्पर्धा काढून घेतली तर उरतात त्या सुट्या चकमकी, आणि त्या कितीही चांगल्या असल्या तरी पुढच्या फेरीची ओढ निर्माण करत नाहीत. एखादे नवे पात्र त्या सांगाड्यात सहज बसू शकले असते. किंबहुना फायटिंग गेमच्या प्रत्येक नव्या भागात नवी पात्रे येतच असतात आणि खेळाडू त्यांचे स्वागतही करतात.

या नापसंतीच्या दुसऱ्या टोकाला चित्रपटाची पहिली काही मिनिटे आहेत, आणि त्यांच्याविषयी जवळजवळ एकमत आहे. हान्झोची पत्नी बागकामाला जे टोकदार हत्यार वापरत असते, तेच घरच्यांच्या हत्येनंतर त्याच्या हाती लागते. तो त्याला दोरी बांधतो, आणि एक वाक्यही न बोलता गेममधले सर्वांत प्रसिद्ध शस्त्र आपल्यासमोर तयार होते. ज्याने गेम खेळलेला नाही त्याला हा शोकाकुल माणसाचा सूड दिसतो, आणि ज्याने खेळलेला आहे त्याच्या बोटांना बटणे आठवतात. शेवटच्या लढतीत सब-झीरो हा बर्फाची शक्ती असलेला योद्धा प्रतिस्पर्ध्याच्या उडालेल्या रक्तालाच गोठवून त्याचा सुरा करतो, किंवा कुंग लाओ आपल्या टोपीची जमिनीत रोवून करवत करतो, त्या दृश्यांनाही अशीच दाद मिळाली. रक्ताची जुनी मागणी इथे पुरी झाली होती, कारण या वेळी मानांकनच प्रौढांसाठीचे घेतले होते. तरीही वाद मिटला नाही; ‘गेमशी प्रामाणिक’ या शब्दांचा अर्थ एव्हाना रक्ताकडून कथेकडे सरकलेला होता.

मतांच्या मोजणीविषयीही थोडे लिहायला हवे, कारण या चित्रपटाबाबत आकडे फार सैलपणे फिरवले गेले. परीक्षणे संकलित करणाऱ्या सर्वांत परिचित संकेतस्थळावर समीक्षकांचा टक्का पंचावन्नच्या आसपास आणि प्रेक्षकांचा पंच्याऐंशीच्या वर, ही तफावत दाखवून ‘समीक्षकांना कळत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हे टक्के म्हणजे गुण नव्हेत. पाचपैकी साडेतीन किंवा अधिक तारे देणारे प्रेक्षक किती, एवढेच तो दुसरा आकडा सांगतो. ‘बरा आहे, वेळ गेला’ म्हणणारा आणि भारावून गेलेला प्रेक्षक त्यात सारखेच मोजले जातात. शिवाय मे २०१९ पासून तिथे तिकीट खरेदीची खातरजमा झालेल्या मतांना वेगळे आणि वरचे स्थान देण्यात आले. एखादा चित्रपट न पाहताच त्याच्यावर मतांचा भडिमार करण्याचे प्रकार त्याआधी घडले होते, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु ‘मॉर्टल कॉम्बॅट’ अमेरिकेत चित्रपटगृहांत आणि घरबसल्या पाहण्याच्या सेवेवर एकाच दिवशी आला, तोही महासाथीच्या काळात. घरी पाहणाऱ्याकडे दाखवायला तिकीट नव्हते. म्हणजे जो साथीतही बाहेर पडून तिकीट काढण्याइतका उत्सुक होता, त्याचे मत खातरजमा झालेले ठरले, आणि ज्याने सहज कुतूहलाने घरी लावून पाहिले त्याचे मत दुय्यम राहिले. चित्रपटगृहाच्या दारात पहिल्या रात्री कार्डे भरून घेणाऱ्या जुन्या पद्धतीलाही हीच मर्यादा आहे: पहिल्या रात्री येतात ते चाहतेच. अशा मोजणीत प्रेक्षकांचा आकडा चढा निघाला, तर त्यात नवल काही नाही. नवल याचे की इतक्या अनुकूल मोजणीतही कोल यंगबद्दलची तक्रार ठळकपणे वर आली.

हा एकच चित्रपट प्रेक्षकांच्या तोंडी सापडला असेही नाही. आधीच्या वर्षी आलेल्या, सॉनिक या दुसऱ्या एका गेममधल्या पात्रावरच्या चित्रपटाचे पहिले ट्रेलर एप्रिल २०१९ च्या अखेरीस झळकले, आणि माणसासारखे दात असलेले ते पात्र पाहून इतका गहजब झाला की दोनच दिवसांत दिग्दर्शकाने रूप बदलण्याचे जाहीर केले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले. नव्या रूपातील चित्रपट चालला. गेमवरील चित्रपटांच्या चाहत्यांना आपली नाराजी परिणामकारक ठरू शकते याचा इतका ढळढळीत पुरावा पूर्वी मिळाला नव्हता, आणि कोल यंगवर तुटून पडताना तो ताजा होता. फरक एवढाच की दात संगणकावर बदलता येतात; कथेचा नायक प्रदर्शनानंतर बदलता येत नाही.

तो पुढच्या भागात मात्र मागे सरकवता येतो. ऑक्टोबर २०२५ साठी ठरलेल्या आणि नंतर मे २०२६ वर ढकलल्या गेलेल्या दुसऱ्या भागाच्या प्रसिद्धीसाठी एका खोट्या जुन्या मारधाडपटाचे ट्रेलर काढण्यात आले. त्या काल्पनिक चित्रपटाचा नायक होता जॉनी केज. कोल यंग त्यात कुठेच नव्हता.