राखलेलं तण आणि ग्लायफोसेटचा वाद: पार्श्वभूमी

खुरपं घरच्या बायकांच्या हातात होतं तोवर मळ्यात तणाची निवड होतच होती. घोळ, तांदुळजा, पाथरी ओच्यात जायची. हरळी आणि लव्हाळा मात्र बांधाबाहेर. चाकवत हे एरवी रब्बी पिकातलं तण, पण त्याचे वाफे पाडून जुड्या बाजारात जाऊ लागल्या त्यालाही जमाना झाला. पुढे मजुरी परवडेना, पाठीवर पंप आला आणि सरसकट सगळंच जळू लागलं.

तणाची बाजू पुन्हा मांडली गेली ती मात्र तणनाशक हाती धरूनच. कोल्हापूरकडच्या उसात आणि नेरळकडच्या भातात नांगरटीला फाटा देणाऱ्यांनी तण वाढू दिलं, मग ग्लायफोसेट या तणनाशकाने मारून मुळांसकट जागीच कुजवलं. न हलवलेल्या मातीत कुजणारी मुळं सेंद्रिय कर्ब वाढवतात, हा त्यांचा हिशेब.

ग्लायफोसेटवरचं मुख्य भांडण कपाशीचं. ग्लायफोसेट फवारलं तरी पीक तगून राहील असं, मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं विदर्भात पसरलं, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे पेरलं गेलं. त्याआधी, २०१५ मध्ये, एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ग्लायफोसेटला संभाव्य कर्करोगकारकांत टाकलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला: फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनी करावी. गावात असा माणूस आणायचा कुठून, याचं उत्तर आदेशात नव्हतं. नांगरट टाळून तण राखणारे, म्हणजे तणाची सर्वाधिक कदर करणारेच अडचणीत आले. पण दुसरी बाजूही आहे: देशात या औषधाची शिफारस चहाचे मळे आणि पडीक जागा एवढ्यापुरतीच होती. ऊस, भात, भाजीपाला त्यात कधी नव्हताच. या निर्बंधाविरुद्ध बोलणारे हे सहसा सांगत नाहीत.

दहा-बारा पिकांच्या भाजी मळ्यात तर हा वाद बराचसा गैरलागू आहे. वाऱ्याच्या एका झुळकीने तुषार टोमॅटोवर गेले की शेंडा पिवळा पडून आखडतो. इथे विळा किंवा ग्रास कटरच बरा. कापलेलं तण सरीतच पसरावं, मात्र बी धरण्याआधी. बांधावरची एकदांडी जवळपास वर्षभर फुलते. काकडी-भोपळ्याला फूल नसतं तेव्हाही मधमाश्या तिच्यामुळे मळ्याजवळ राहतात. ओसाडी या तणाला मात्र भेंडी-टोमॅटोजवळ थारा नको: तिच्यावर पांढरी माशी पोसली जाते, आणि माशीबरोबर विषाणूही.